सहावी फरशी

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिलसुखनगरला फळवाल्याशी घासाघीस करत होतो. संत्री तिथेच राहिली... पाच आठवडे झाले, अजून संत्र्यांकडे बघवत नाही.

सुमनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. सगळा संसार शहरातल्या नल्लकुंटा भागात, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. भाऊ गेल्यावर घरात कुणीतरी हवं म्हणून कुत्र्याचं पिल्लू आणायला गेल्या आणि मागच्या गल्लीतल्या शेडमध्ये पिल्लांच्या आया बघून रिकाम्या हाती परतल्या. पिंजऱ्यात वळायला जागा नाही, एक वेत संपतं न संपतं तोच दुसरं. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. मग कायदा वाचायला बसल्या.

नोंदणीशिवाय कुत्र्यांची पैदास करून विकता येत नाही, असा नियम होता. पाळत कुणीच नव्हतं. शेडवाल्या यादगिरीला इंग्रजी अर्ज जमेना, तर वहिनींनी शेजारी बसून तो स्वतः भरून दिला. नोंद झाली की तपासणी येईल, ही त्यांची भाबडी समजूत. मास्तरीणबाईंचा अर्ज, त्यात खोट कुठून निघणार? प्रमाणपत्र आलं, तपासणी आली नाही. यादगिरीने ते चौकट करून भिंतीवर टांगलं. वहिनी जाब विचारायला गेल्या तर त्याने हात जोडले. "अम्मा, अब तो सरकार का कागज है. आपइच तो भरे थे, कायकू गुस्सा?"

तेव्हापासून एकच ध्यास... तपासणीशिवाय नोंदणी नको, नियम बदला. आमदारांनी अधिवेशनात विषय मांडायचा शब्द दिला. मग पैदासवाल्यांचा मोर्चा निघाला आणि आमदार भेटेनासे झाले. मी चिडवायचो, "वहिनी, आता तुम्हीच निवडणुकीला उभ्या राहा." त्या हसायच्या. शेवटच्या भेटीत हसल्या नाहीत.

"भाऊजी, माझ्या अक्षरातल्या अर्जाखाली कोंडल्यात हो त्या आया. काय करून बसले मी?"

"सोडून द्या आता," मी म्हणालो. ते बोलायला नको होतं. दुसऱ्याच दिवशी, पुन्हा एक अर्ज घेऊन, त्या आबिड्सच्या एका कचेरीचा जिना चढताना कोसळल्या.

यादगिरीने टाकून दिलेली एक म्हातारी कुत्री, राणी, त्यांनी घरी आणली होती. मोकळ्या गच्चीतही ती पिंजऱ्याएवढ्या चार फरशांतच गोल फिरायची. वहिनी रोज तिची ताटली बोटभर पुढे सरकवायच्या. सहाव्या फरशीपर्यंत आणलं होतं तिला.

आता ती ताटली मी भरतो. परवा धीर करून सातव्या फरशीवर ठेवली. राणी सहावीवर येऊन थांबली आणि जिन्याच्या दाराकडे बघत बसली. भात वाळून गेला. शेडमधला कागद अजून भिंतीवर आहे, नियम होता तसाच आहे... आणि काल राणी परत आपल्या चार फरशांत गेली. बराच वेळ हाका मारल्या. शेवटी ताटली उचलून मी तिथेच नेऊन ठेवली.