दोन पिशव्या आणि एक भोपळा

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे नवे, जीभ मात्र मूळचीच आणि धारदार. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून वर्षभर आम्ही त्यांना एकटं कुठं सोडलं नव्हतं. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरापासून भाजीच्या गाड्या तीन मिनिटांवर, पण तिथंही कुणीतरी त्यांचा दंड धरून जायचं. कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा मीच. 'आता बिनधास्त चाला' असं डॉक्टरांनी सांगून चार महिने झाले होते, पण माझ्या नवऱ्याचा डॉक्टरांपेक्षा काळजीवर जास्त विश्वास.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी भाकरी थापत होते. आत्ती ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या म्हायारचा डोंगर हाय न्हवं? त्यो मी कुणाचा हात न धरता चढून दावला, तर भाजीला मी एकटी जाणार. पोराला तू सांगायचंस. कबूल?"

मी कबूल म्हटलं. खरं सांगते, माझ्या मनात कपट होतं. त्या डोंगराच्या शेवटाला दगडांची एक चढण आहे. तिथं आत्तींचा हात धरायचाच, मग त्या कितीही ओरडल्या तरी चालेल, असं मी ठरवून टाकलं होतं. त्या पडल्या असत्या तर नवऱ्यानं मला आयुष्यभर ऐकवलं असतं, आणि मी स्वतःला त्याहून जास्त.

डोंगर म्हणजे खरं तर टेकाडच. गावामागं जांभूळ, ऐन आणि निलगिरीचं रान, त्यातून जनावरांनी पाडलेली वाट आणि वर सपाट कातळ. लहानपणी आत्ती म्हशी घेऊन रोज तिथं जायच्या.

रविवारी पहिल्या एसटीनं आम्ही गावात उतरलो. आत्तींच्या भावाच्या घरी चहा घेऊन आठला रानात शिरायचं, असा माझा बेत होता. पण मी एक गोष्ट विसरले. आमच्याकडं माहेरवाशिणीला दारावरून रिकाम्या हातानं पुढं जाऊ देत नाहीत, आणि गावाची एकुलती एक गल्ली त्या रानाकडंच जाते.

"आक्का, च्या घेतल्याबिगर कशी जातीस?" म्हणत पहिल्या घरानं चहा पाजला आणि पिशवीभर शेंगा दिल्या. दुसऱ्या घरचं गुऱ्हाळ चालू होतं, तिथं गुळाची ढेप आणि काकवीची बाटली मिळाली. तिसऱ्या घरी हरभऱ्याचे डहाळे. रानाच्या तोंडाशी शेवटचं घर आत्तींच्या बालमैत्रिणीचं. तिनं दोघींच्या गालावरून हात फिरवला, थोडं रडून घेतलं आणि माझ्या बगलेत एक लाल भोपळा कोंबला. एरवी नातेवाइकांनी लिंबाचं लोणचं दिलं तरी "नगं, वझं हुतं" म्हणणाऱ्या आत्ती त्या दिवशी एकालाही नको म्हणाल्या नाहीत. वर सगळ्यांना सांगत होत्या, "दे की, सून हाय धरायला!"

सून होतीच. दोन हातांत दोन पिशव्या आणि बगलेत भोपळा घेऊन साडेदहाला मी रानात शिरले.

रान मात्र फार सुंदर होतं. पाचोळा पायाखाली करकरत होता, निलगिरीचा वास नाकात भरत होता, आणि आत्ती पुढं चालल्या होत्या, पदर कमरेला खोचून, दर दहा पावलांवर काहीतरी दाखवत. इथं म्हैस हरवली होती. इथं करवंदं खाऊन ओठ सोलवटले होते. इथं भावाला घाबरवायला झाडावर चढून बसल्या आणि त्यांना स्वतःलाच उतरता येईना. वर्षभरात त्यांना इतकं हसताना मी ऐकलं नव्हतं. माझी चिडचिड कधी गेली, ते मलाच कळलं नाही.

मग दगडांची चढण आली. मी झटकन पुढं झाले आणि हात द्यायला गेले, तर हात कुठला? शेंगा खाली ठेवाव्यात तर माहेरचं दिलेलं वाटेत टाकायचं नाही, एवढं लहानपणापासून अंगात मुरलेलं. भोपळा सोडला तर तो थेट मैत्रिणीच्या अंगणात. मी नुसती ओरडले, "आत्ती, थांबा, सावकाश!"

त्या थांबल्या नाहीत. एक पाय टाकला, दगड चाचपला, दुसरा टाकला. मधे एकदा डावा पाय सरकला. त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मग मोठ्यानं श्वास सोडून पुढचा दगड चढल्या. पाचेक मिनिटांत त्या कातळावर होत्या आणि मी खाली उभी राहून रडत होते, आनंदानं, भोपळ्यासकट.

वर पोचून मी मटकन बसले. खाली ऊस, कौलारू घरं, गुऱ्हाळाचा धूर. आत्तींनी शेंगांच्या पिशवीत हात घालून चार शेंगा फोडल्या, दोन मला दिल्या.

"परत ह्याच वाटंनं जायाचंय न्हवं आपल्याला?" त्या म्हणाल्या. "मैतरणीच्या पडवीत ठिवून आली असतीस की समदं. सुचलं न्हाई व्हय गं तुला?"

एकेका घरी त्यांनी हसतमुखानं काय काय घेतलं होतं, ते डोळ्यांपुढून गेलं. माझं कपट त्यांनी शनिवारीच, भाकरीच्या पिठात बोटं असतानाच ओळखलं होतं. रागवावं की पाया पडावं कळेना. शेवटी दोघी पोट दुखेस्तोवर हसलो.

तासाभरानं निघालो. उताराच्या तोंडाशी त्यांनी माझ्या डाव्या हातातली पिशवी काढून घेतली, आणि त्या मोकळ्या हातात आपला हात दिला. गच्च.

"आत्ती, आणि पैज?"

"पैज चढायची हुती," त्या म्हणाल्या. "उतरायचं कुणी म्हटलंतं?"