डिंक्याची सपाट जमीन

डिंक्या म्हणजे आमच्या गल्लीतला शिंपी. त्याचं खरं नाव विचाराल तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. लहानपणापासून कागदाची घरं करायचा नाद, बोटं सदा चिकट, म्हणून थोरल्या बहिणीनेच हे नाव ठेवलं. आता केस पिकले, दुकानाच्या काचेत घरांची रांग लागली, तरी नाव काही सुटलं नाही. खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही.

त्या बहिणीची, म्हणजे ताईची, नजर काचबिंदूने गेली. तरी भावाच्या घरात ती कुणाचा हात न धरता वावरायची. घर तिला पाठ होतं. मग मालकाने जागा सोडायला सांगितली, नवी जागा ठरली आणि ताई अडून बसली.

"तिथे तुम्ही मला हाताला धरून संडासाला नेणार. त्यापेक्षा आश्रमात टाका."

ताई बोलली म्हणजे बोलली. 

डिंक्याने टेप उचलली, नवी जागा कोटासारखी मापून आणली आणि तिचं कागदाचं घर करायला घेतलं, ताईला बोटांनी बघता येईल असं. भिंती बुटक्या, दारं उघडी. जमीन पुठ्ठ्याच्या थरांची, कारण स्वयंपाकघर एक पायरी वर होतं आणि तिथे थर जास्त हवे होते. चिकटवायला नेहमीचा पांढरा गोंद. गोंद वाळला तशा जमिनीला लाटा आल्या. शिंपीच तो, त्याने सरळ वरून इस्त्री फिरवली! लाटा जरा बसल्या, पण मधे फुगे आले.

ताईची बोटं बैठकीच्या मधोमध थांबली. "इथे पायरी आहे?"

"नाही गं."

"मग हे काय? या घराच्या भरवशावर चालले तर तोंडावर आपटेन मी."

डिंक्याचा चेहरा पडला. खिडक्यांना गजसुद्धा लावले होते पठ्ठ्याने, पण ताईच्या बोटांना फुगवटा म्हणजे पायरी, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शेजारचा बूटवाला त्याचा जुना दोस्त. तो हसला. "अरे, तुझ्या गोंदात पाणी. पुठ्ठा पाणी पितो आणि फुगतो. बुटांचे तळवे चिकटवायचं हे रबर सोल्युशन घेऊन जा. दोन्ही अंगांना पातळ लाव, हाताला चिकटेनासं झालं की बसव. पण एकदा बसलं की बसलं."

डिंक्याला धीर कुठला! पहिला थर वाकडाच बसला. मग त्याने दोन पुठ्ठ्यांमध्ये सोल्युशनला न चिकटणारा मेणकागद धरला आणि तो हळूहळू ओढून घेत थर बसवत गेला. जमीन कशी, टेबलासारखी सपाट झाली.

या खेपेला ताईची बोटं कुठे अडली नाहीत. फक्त स्वयंपाकघराशी थबकली. "ही खरी?"

"ही खरी."

त्यानंतर ते घर तिच्या मांडीवरून हलेना. आश्रमाचा विषयही तिने पुन्हा काढला नाही.

सामान हलवलं त्या दिवशी ती म्हणाली, "मला हात लावायचा नाही." दारातून आत गेली, बैठक ओलांडली, डावीकडे वळली. मागे डिंक्या, हात पाठीशी बांधून. स्वयंपाकघराशी तिने पाय हवा तेवढाच उचलला. डिंक्याचा ऊर भरून आला. एवढा अभिमान त्याला स्वतः शिवलेल्या एकाही कोटाचा वाटला नव्हता.

तेवढ्यात दोन हमाल कपाट घेऊन आले. कपाटाआड त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. त्यांची पावलं ऐकून ताई भिंतीला लागून उभी राहिली.

"जपून रे," ती म्हणाली, "पुढे पायरी आहे."