निपाणीला उशिरा पोचलेली ओटी

यात्रेआधी आमच्या गावात वार पाळतात. त्या दिवशी कोणी शेताला जात नाही, गिरणी बंद, ट्रॅक्टर गप्प. उचगावाकडच्या रस्त्यावरचा बसचा हॉर्नसुद्धा झोपेत ऐकल्यासारखा येतो. अशाच एका वाराला मी सोप्यात लॅपटॉप घेऊन बसले, तर आई दारातून विचारू लागली, हे काम म्हणायचं की नाही. नुसती बोटं हलतात, मी म्हटलं. तिला ते फारसं पटलं नाही. पण ते आक्कासाठी होतं, म्हणून हात जोडून ती आत गेली.

आक्का माझी थोरली बहीण, निपाणीला दिलेली. लग्नानंतर कैक वर्षांनी तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही असं बजावलं होतं. महालक्ष्मीची यात्रा आमच्याकडे किती तरी वर्षांनी भरते, झाडून साऱ्या माहेरवाशिणी येतात. आई देवीची ओटी भरेल ते निदान बघायला मिळू दे, एवढंच आक्काचं मागणं होतं. मला तिची फार कीव आली.

गर्दीत मोबाईलचं नेटवर्क मान टाकतं, व्हिडिओ कॉल टिकत नाही. माझ्याकडे भाड्याचा एक लहानसा सर्व्हर होता. त्याच्यामार्फत चित्र पाठवायचं ठरवलं. पण त्याला व्हिडिओचं मॉड्यूल जोडायला हवं होतं, आणि ते तयार मिळेना. मूळ कोड आणून स्वतःच बांधणं आलं.

पहिल्याच फटक्याला मशीन म्हणालं, लागणारी कोडची लायब्ररी सापडत नाही. लायब्ररी तर होती! मी चिडून तेच तीनदा चालवलं, जणू रागावल्यावर ते ऐकणार होतं. मग कळलं, तिच्या हेडर फायली, म्हणजे तिची ओळख सांगणाऱ्या फायली, वेगळ्या घ्याव्या लागतात. त्या घेतल्या. ओळी सरसर वर जाऊ लागल्या, उन्हात धूळ तरंगत होती, मला डुलकी लागली. जागी झाले तर पडदाभर चुका. खालच्या ओळी नुसत्या रडतात, कारण वर असतं, म्हणून वर गेले. कोड जुना, आणि तो मशीनच्या भाषेत आणणारा कंपायलर नवा. साध्या इशाऱ्यालाही तो चूक मानत होता, मानपानावरून रुसणाऱ्या पाहुण्यासारखा. ती अट काढून टाकली. मॉड्यूल तयार झालं, तर सर्व्हरनंच त्याला नाकारलं. मी दुसऱ्याच आवृत्तीच्या कोडवर ते बांधलं होतं. आपला आगाऊपणा! सर्व्हरचीच आवृत्ती, त्याचेच पर्याय घेऊन पुन्हा पहिल्यापासून बांधलं. संध्याकाळी दिवा लावताना ते मुकाट्यानं चालू झालं, आणि मी उगीचच देवघरात जाऊन नमस्कार करून आले.

यात्रेत सगळं गाव भंडाऱ्यानं पिवळं झालं होतं. हवा पिवळी, माणसं पिवळी, ओळखीचे चेहरेही स्वप्नातले वाटत होते. देवी गदगेवर, म्हणजे मांडवातल्या तिच्या आसनावर बसली होती. शेजारच्या घरातून इंटरनेटची केबल ओढून मी माझा मोबाईल कॅमेऱ्यासारखा धरला होता. चित्र तुटू नये म्हणून ते आधी थोडं साठवून मग दाखवायचं ठेवलं होतं, त्यामुळे निपाणीला सगळं अर्ध्याएक मिनिटानं उशिरा दिसे. आईच्या फोनवर साधा कॉल तेवढा चालू होता.

आईनं आपली ओटी भरली. मग पिशवीतून दुसरा खण-नारळ काढला, आक्काच्या नावाचा. तो वाहून तिनं गदगेला डोकं टेकलं आणि ती रडली. खांदे हलत होते. मी कॅमेरा धरून होते. उठताना तिनं पदरानं डोळे कोरडे केले, कपाळावरचा भंडारा सारखा केला, बाजूला येऊन फोन कानाला लावला आणि मजेत म्हणाली, "लई छान झालं बघ. मी काय रडले न्हाय. तू बी रडायचं न्हाईस."

पलीकडून आक्काचा बारीक आवाज आला, "आई, तू रडाय लागलीस की गं. मला आत्ता दिसाय लागलंय."

आईनं माझ्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. ती पुढं येऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि तशीच रडत राहिली, आक्काला दिसेपर्यंत.