सहावं पिल्लू

आमच्या आत्याने एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात, नवजात बाळांच्या खोलीत सिस्टर म्हणून काढली. निवृत्त झाली, पण सवय सुटली नाही. पाहुणे आले तरी ती आधी मनात डोकी मोजते, मग 'बसा' म्हणते. वसंत लागला की घरामागच्या तळ्यात पाणपक्ष्यांची पिल्लं उतरतात, आणि आत्या सकाळी सातच्या ठोक्याला दुर्बीण गळ्यात अडकवून ड्युटीवर हजर.

यंदा ताईने, म्हणजे तिच्या लेकीने, त्याची धास्ती घेतली. आत्या फोनवर सांगायची, टिबुकलीला सहा पिल्लं झालीत. शेजारीण म्हणायची, पाचच आहेत. टिबुकली म्हणजे मुठीएवढं पाखरू, इथे बुडी मारतं आणि भलतीकडेच वर येतं. चूक कुणाचीही होईल, असं मी ताईला सांगून पाहिलं. तिच्या डोक्यात मात्र वेगळंच शिरलं होतं. आई एकटी राहते, उद्या नसलेल्या पिल्लामागे पाण्यात उतरली तर? तू दोन सकाळी तिच्याबरोबर मोज, म्हणाली, आकडा चुकत असेल तर मी तिला घेऊन जाते आणि घराला कुलूप लावते. माझं औषधांचं दुकान आहे. दिवसभर पाच-पाचने गोळ्या मोजतो आणि आजवर एक गोळी इकडची तिकडे झालेली नाही, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात.

घर सोडायचा विषय निघाला की आत्या जेवणावरून उठायची. त्या तीन खोल्यांतून तिला काढलं तर ती वर्षभरही तग धरणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. आकडा जुळावा म्हणून मी अगदी जीव टांगणीला लावून बसलो होतो.

मोजायची रीत तिनेच शिकवली. ड्युटी बदलताना दोघी सिस्टरांनी बाळं मनातल्या मनात मोजायची आणि आकडा एकदम बोलायचा. जुळला तरच सही. एवढं कशाला, असं मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा दुसरी सिस्टर उशिरा आली. आत्याने एकटीने मोजलं, आणि तेही तोंडं न बघता, नुसती दुपटी मोजली. सहा. सही केली. दाराशी ताटकळलेल्या आईला सांगितलं, बाळ शांत झोपलंय. बाळ दुपारीच गेलं होतं, न्यायचं तेवढं राहिलं होतं.

"माझा हात धरून ती म्हणाली, बरं झालं," आत्या म्हणाली. "तो हात मला अजून लागतो."

पहिल्या सकाळी आम्ही एकदमच बोललो. ती सहा म्हणाली, मी पाच. ती जराही गडबडली नाही. सहावं कुठे, म्हटलं, तर तिने लव्हाळ्याकडे बोट केलं. तिथे नुसतं पाणी होतं. वारा नव्हता, आणि तेवढ्याच जागी पाणी हलत होतं. ताईला मी काहीच कळवलं नाही.

दुसऱ्या सकाळी लख्ख ऊन होतं. पाणकोंबड्या सगळ्या पलीकडच्या काठाला जाऊन बसल्या होत्या, एकही ओरडत नव्हती. टिबुकली मधोमध, दोन पिल्लं पाठीवर, तीन मागे. आणि लव्हाळ्यापाशी, एकटं, सहावं. मानेवरच्या पट्ट्यासुद्धा दिसत होत्या. बाकीची पोहताना पाण्यात रेघ उमटायची. ह्याच्याभोवती काहीच नव्हतं. ते पोहत नव्हतंच. आमच्याकडे तोंड करून बसलं होतं. मी तीनदा मोजलं. पाच आणि एक. भीती वाटायच्या आधी आनंदच झाला, की आत्या खरी ठरली.

"सहा," मी म्हणालो.

"पाच," आत्या म्हणाली.

तिने दुर्बीण खाली घेतली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मी पुन्हा लव्हाळ्याकडे पाहिलं. ते तिथेच होतं.

"सहावं तुला दिसतंय?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, दरवर्षी एक जास्त दिसायचं, आज पहिल्यांदाच नाही. मग माझी बाही घट्ट धरून हळूच म्हणाली, "पाण्यात उतरू नकोस. ते काही करत नाही, नुसतं बघतं."

तेवढ्यात ताईचा फोन आला. आईचा आकडा काय, तिने विचारलं. मी म्हणालो, पाच. शेजारणीचाही पाचच होता. ताईने सुस्कारा सोडला, आईला राहू दे तिकडेच, म्हणाली, आणि मला उगाच त्रास दिला म्हणून माफीही मागितली. मी सांगितलं त्यात अक्षरही खोटं नव्हतं. माझा आकडा मात्र तिने विचारलाच नाही, आणि तो कुणीतरी विचारावा असं मला फार वाटत होतं.