फळीची खांदशेकणी

चहा संपेपर्यंत हसणार नाही असं कबूल करा, तरच सांगतो. आता काय सांगू तुम्हाला, माणसानं मूर्खपणा जरूर करावा, पण निदान घराचं दार लावून करावा की नाही? मी केला तो पोळ्याच्या दिवशी, अख्ख्या गावासमोर, चाळीस-पन्नास बैलांच्या साक्षीनं!

नागपूरच्या प्रताप नगरात घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते, तेव्हाची गोष्ट. माझं नुकतंच लग्न झालं होतं. बायको कुमुद देवगडकडची, समुद्राच्या काठावर वाढलेली. आणि मी नागपूरचा. आमच्याकडे पाणी म्हणजे सकाळी नळाला येतं ते.

बिचारीनं कधी तक्रार केली नाही. पण एक दिवस बघतो तर बादलीत हात घालून स्वस्थ बसलेली.

"काय झालं गं?"

"काही नाही हो. पाण्याची आठवण आली."

ऐका! बादलीत हात, आणि पाण्याची आठवण!

त्यात सासूबाईंचं पत्र आलं. पोळ्यानंतर चार दिवसांनी गणपती. 'कुमुदला गणपतीला पाठवा, दिवाळीपर्यंत ठेवून घेतो.' दिवाळीपर्यंत म्हणजे दोन महिने! मी पत्र वाचून तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती 'इतके दिवस नको' म्हणेल असं वाटलं होतं. ती फक्त पत्राची घडी घालत बसली. इथे पाणी नाही म्हणून ती परत आलीच नाही तर?

अशा वेळी ऑफिसात एक जुनं इंग्रजी मासिक हाती लागलं. त्यात फोटो होता. समुद्रात एक उघडाबंब माणूस लांब फळीवर उभा राहून वल्हं मारतोय. पायाखाली काळा चौकोन, पाय घसरू नये म्हणून. मी म्हटलं, एवढंच ना? हे तर मीच करून देतो! कुमुदला फळीवर बसवीन, मी मागे उभा राहीन, आणि साऱ्या तळ्याचा फेरफटका मारून आणीन. मग बघू कोण दिवाळीपर्यंत राहतं ते!

तळं होतं नरखेड तालुक्यात, माझ्या मामाच्या गावी. फळ्याही मामानंच पाठवल्या, संत्र्याच्या पेट्यांच्या. आतून सागवानी चौकट, पोटात झाळून बंद केलेले तेलाचे चार रिकामे पिपे, सांध्यांत डांबर. आठ फुटांचं प्रकरण झालं, सोबत एक वल्हंही. पण पेटीचं लाकूड ते, त्याच्या कुसळांनी माझे दोन्ही तळहात सोलून निघाले. मग रोज ऑफिसातून आलो की अंगणात फळी आडवी आणि मी पॉलिश पेपर घेऊन तिच्यावर आडवा. पंधरा दिवस घासली. शेवटी लग्नातल्या पाटासारखी गुळगुळीत झाली. इतकी, की तिच्यावर माशी बसली तरी घसरेल.

म्हणजे आता तो काळा चौकोन हवा. मी गेलो कोपऱ्यावरच्या गजाननकडे. गजानन सायकलचं पंक्चर काढायचा. त्यानं ट्रकची जुनी ट्यूब कापून मोठा तुकडा दिला, सोल्युशनची ट्यूब दिली आणि उपदेशही दिला.

"भाऊ, मंत्र एकच. घास, पूस, सुकव, मंग चिपकव. तोवर मधी बोट बी लावू नोको. बोटाच्या तेलानंबी पकड सुटते."

"एवढं कळतं रे मला!" मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा.

पकड आणखी वाढावी म्हणून मी त्या रबराला सगळीकडे भोकं पाडली. ही माझी स्वतःची अक्कल.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही एसटीनं निघालो. रबर पिशवीत, कारण चिकटवायचं तिथे गेल्यावर. फळी टपावर चढवायची होती. कंडक्टरनं तिच्याभोवती दोन चकरा मारल्या.

"हे दार हाये का खाट?"

"बोट आहे."

"मंग पान्यातून न्या ना भाऊ!"

संध्याकाळी मामाच्या गोठ्यात खांदशेकणी सुरू झाली. वर्षभर जू वाहणाऱ्या बैलांचे खांदे या दिवशी हळद-तुपानं चोळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. मामा पळसाच्या पानानं तूप लावून राहिला होता आणि बैलाच्या कानाशी लागून म्हणत होता, "आज आवतन घे राजा, उद्या जेवाले ये." बैलही असा मान हलवी, की जणू येतोच म्हणतोय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो!

आणि तिथेच माझं डोकं फिरलं. म्हटलं, उद्या माझी फळीही ओझं वाहणार, तिनं काय घोडं मारलंय? आमच्या नागपुरात तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल पुजतात की नाही? मग लाकडी फळी का नको?

मामाच्या हातची वाटी घेतली आणि फळीच्या बरोबर मधोमध, जिथे पाय ठेवायचे तिथे, हळद-तूप चोळलं. मनापासून चोळलं. वर म्हणालो, "आज आवतन घे, उद्या जेवायला ये."

"काहून गा मधू, लाकडाले तूप चारून राहिला?" मामानं विचारलं.

"शुभ असतं मामाजी."

"तू शिकेल-सवरेल माणूस. तुलेच ठाऊक."

तुम्ही म्हणाल, गजानन आठवला नाही का? आठवला की! म्हणून तर पंच्यानं नीट पुसून घेतलं. मग सोल्युशन थापलं, रबर अंथरलं आणि वर पाटा-वरवंटा ठेवून झोपायला गेलो. कुमुद आत मामीबरोबर पुरणाची तयारी करत होती. तिनं यातलं काहीच पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हा किस्साच घडला नसता.

सकाळी सगळं गाव तळ्यावर, बैल धुवायला. मी धोतराचा काचा मारला, वल्हं हातात घेतलं आणि कुमुदला म्हणालो, "आधी मी एक चक्कर मारून दाखवतो. मग तुला नेतो."

"तुम्हाला पोहता येतं ना हो?"

"उभ्यानं जायचं तर पोहायचं कशाला?"

फळीवर चढलो. उभा राहिलो! काठावरून "वा रे मधू!" अशी आरोळी आली. छाती फुगली. वल्हं पाण्यात घातलं आणि जोरात मागे रेटलं.

फळी पुढे गेली. रबर जागच्या जागी राहिलं. मी रबरावर होतो.

धप्प!

बरं, पडलो तर पडलो. पण तुपामुळे सोल्युशन रात्रभर सुकलंच नव्हतं. ते त्या भोकांतून वर आलं होतं. लाकडाला न धरलेलं रबर माझ्या दोन्ही तळपायांना गच्च धरून बसलं! पाय फाकवता येईनात, टेकवता येईनात. मी बोंब ठोकली, "वाचवा! बुडालो!"

"अरे उभा राह्य ना गा! कंबरभर तर पानी हाये!" मामा काठावरून ओरडला.

"कसा उभा राहू? पाय चिपकले!"

शेजारी मामाचाच बैल अंग धुवून घेत होता. मी त्याची शेपटी धरली. तो बिचकला आणि मला ओढत, फरफटवत काठावर घेऊन आला. पोळ्याच्या दिवशी बैलाकडून काम करून घ्यायचं नसतं. मी तो नियमही मोडला.

गाव हसून लोळत होतं. मी मात्र कुमुदकडे बघायचं टाळत होतो. दाखवायला आणलं होतं पाणी, आणि दाखवलं काय?

पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. पदर खोचून ती पाण्यात शिरली, पोहत जाऊन फळी धरून आणली. वरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"अहो, हे तूप आहे का?"

मी पायाचं रबर सोलायला लागलो.

"तुपाचं भांडं तुमच्याकडे कशानं घासतात?"

"राखेनं... नाहीतर मातीनं."

"मग?"

एवढंच बोलली. काठची रेती घेतली, बैल घासायचा तणसाचा बोळा घेतला, आणि माझी पंधरा दिवसांची गुळगुळीत फळी तिनं दहा मिनिटांत खरखरीत करून टाकली. धुतली, पाण्यात ढकलली, आधी गुडघ्यांवर बसली, मग अनवाणी उभी राहिली. आणि निघाली की हो! थेट पलीकडच्या काठापर्यंत. मधोमध पोचल्यावर एकदम खदखदून हसली. लग्नानंतर तिचं असं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. पायांना रबर, अंगाला चिखल, पण खरं सांगतो, त्या क्षणी माझ्याइतका सुखी माणूस त्या काठावर नव्हता.

मामा माझ्याजवळ येऊन बसला. "तुह्या बायकोले तं रबर लागलं नाही गा. तुले काहून लागते?"

मिट्टीतेल म्हणजे आपलं रॉकेल, ते चोळून चोळून रबर सुटलं दुपारी. खांदे मात्र बैलानं ओढल्यामुळे जाम धरले. संध्याकाळी मामा कालची उरलेली वाटी घेऊन आला आणि माझ्या खांद्यांना हळद-तूप चोळायला लागला. वर कानाशी लागून म्हणतो, "आज आवतन घे राजा, उद्या जेवाले ये."

कुमुद दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आईला कळवते, विसर्जन झालं की लगेच निघते. आपल्या नागपुरातही मोठं तळं आहे ना, अंबाझरीचं?"

'आपल्या नागपुरात' म्हणाली हो!

"मामाजी," ती पुढे म्हणाली, "जरा नीट चोळा. फळी तिथवर न्यायची आहे."

तेव्हापासून दर रविवारी फळी तिची, वल्हं तिचं, तळंही तिचंच. आवतन मी फळीला दिलं होतं, जुंपला गेलो मी!