आधी हात लावा

आत्या दवाखान्यात शिरली की काउंटरमागचा माणूस धास्तीनं उभा राहायचा. माझ्या वडिलांची थोरली बहीण, बोरी बुद्रुकला दिलेली. दम्याची जुनी रोगी, पण तोंड उघडलं की आवाज शिवारभर.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला गेली. तिथल्या थंडीत तिचा दमा उसळला. अँब्युलन्स आली, वाफ दिली, ऑक्सिजन लावला आणि बरं वाटल्यावर घरी पाठवलं. परतल्यावर ती ना तिथल्या बर्फाचं सांगे, ना दुकानांचं. एकच सांगे, "माजं नाव इचारायच्या आदी नाकाला नळी लावली, राव. पैशाचं कुनी बोललंच न्हाई. लेक म्हनली, हितं समद्यांच्या पगारातनं कापून घेत्यात, मंग दारात कुनी आडवत न्हाई."

"अमेरिकेत तर दवाखाना आपल्याहून महाग आहे," मी एकदा म्हणालो.

"मंग? वाईट बगून आपलं ग्वाड मानायचं व्हय?"

पुढच्याच उन्हाळ्यात ती आमच्याकडे निरगुडसरला आलेली असताना वडिलांच्या छातीत कळ आली. जीपमध्ये घालून आम्ही त्यांना हायवेवरच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. वडील बाकावर घामानं निथळत होते आणि काउंटरवरचा म्हणाला, "डिपॉझिट भरा, मग डॉक्टरांना बोलावतो." मी पैशांसाठी पळालो. मागून आत्या ओरडत होती, "आदी हात लावा त्येला! पैसं काय पळून चाललं व्हय?"

मी परतलो तोवर तिनं आत घुसून डॉक्टरांना दंडाला धरून आणलं होतं. उशीर झाला होता. तरी बिल झालं. त्यात ऑक्सिजनही होता. मेलेल्या माणसाचा ऑक्सिजन!

त्यानंतर गावातलं कुणीही आजारी पडलं की आत्या सोबत जाई. काउंटरसमोर ठाण मांडून म्हणे, "पैसं येत्यात. डाक्टरला बोलीव." एकदा हॉस्पिटलवाल्यांनी पोलीस बोलावले. आत्यानं हवालदाराला विचारलं, "तुजी आई आसती हितं, तर कुनाला धरलं आसतंस?" रोगी आत जाईपर्यंत तो बाहेर गाडीपाशीच थांबला.

पुढं तिचाच दमा बळावला. लेक फोनवर रडत होती, तिकीट काढते म्हणत होती.

"मी इमानात बसून जगंन बाय," आत्या म्हणाली, "पन बाकीच्यांनी कुटं जायाचं?"

शेवटी आम्ही तिला एका सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर धावत आले. डिपॉझिट कुणी मागितलं नाही. ऑक्सिजनचं सिलिंडर मात्र रिकामं होतं.