पाहुण्यांचे बापू

आमचे बापू परदेशी माणसांसमोर बसत नसत. खुर्ची पुढे केली तरी तिच्या पाठीवर हात ठेवून उभे. एरवी रोह्याच्या कचेरीत जाऊन भल्याभल्यांना फैलावर घेणारा, स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी मला देणारा हा लाखमोलाचा माणूस. पुरानंतर परदेशी मदतसंस्था आली, तिने त्यांना दुभाष्या नेमलं आणि बापू वाकलेच. मीही तिथे सामान वाटायला होतो. माझं डोकं फिरायचं.

"पाव्हन्याकडं काय मागायचा नसता," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. संस्थेच्या मुख्य बाईंनी एकदा गावाला विचारलं, आणखी काय हवं? खाडीच्या बांधाला खांड पडलेली, भरतीचं पाणी थेट शेतात येत होतं. लोक तेच सांगू लागले. बापूंनी इंग्रजीत सांगितलं, सगळं मिळालं, लोक समाधानी आहेत. पाहुण्याला घरातलं उणं दाखवायची त्यांना लाज वाटे. बाई खूश झाल्या. आणखी ताडपत्र्या आल्या आणि खांड तशीच राहिली.

पुढच्या उधाणाला पाणी घरांत शिरलं. चिखल उपसता उपसता बापूंच्या बायकोला, शालनवहिनींना, लेप्टोचा ताप चढला. रस्ता बुडालेला. त्यातून निघेल अशी एकच गाडी, संस्थेची, दारातच उभी. बापू मागेनात, म्हणून शेवटी मी मागितली. बाईंचे डोळे भरून आले. स्थानिक नोकरांच्या घरच्यांना गाडीत घ्यायला वरच्या कचेरीची परवानगी लागते, विचारून सांगते, म्हणाल्या.

वहिनींनी नवऱ्याला विचारलं, "काय म्हनते ती?"

बापूंनी शब्द न् शब्द मराठीत सांगितला. वर स्वतःचं जोडलं, "त्यांचा नेम हाय गो. बाई चांगली हाय."

परवानगी दुसऱ्या दिवशी आली. वहिनी रोह्याच्या वाटेवर गाडीतच गेल्या. बाई स्मशानात आल्या तेव्हा बापू त्यांच्यासाठी सावली शोधत फिरत होते. त्या दिवशी मला बापूंचा जितका राग आला तितका बाईंचाही आला नाही.

संस्थेने काम आवरतं घेतलं तेव्हा जाताना एक छोटी फिल्म काढायची ठरली. दुःखात संस्था कशी पाठीशी उभी राहिली, हे बापू कॅमेऱ्यासमोर इंग्रजीत सांगू लागले. ऐन भरात मागे कोंबडा आरवला. बाईंनी अगदी हळुवारपणे विचारलं, पुन्हा सांगाल का?

बापूंनी डोळे पुसले आणि वहिनींचं मरण पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या खेपेला ते जास्त चांगले रडले. फिल्ममध्ये तेच घेतलं.